खाकरल्याशिवाय दगड उचलायचा नाही

मुकादम सर समुद्रावरचा दगड उचलण्याआधी खाकरायचे. परक्या घराच्या उंबऱ्याशी थांबून माणूस खाकरतो, अगदी तसे. मग आतल्यांना आवराआवर करायला सवड द्यायचे आणि हळूच दगड उलटायचे. खाली एखादी कुर्ली नांग्या सावरत बसलेली असायची. "बघा आणि निघा," सर पोरांना सांगायचे. "जेवायला थांबू नका." दगड पुन्हा होता तसाच, होता तिथंच.

सर विज्ञान शिकवायचे, मी त्याच शाळेत मराठी. रत्नागिरीत तेव्हा टीव्ही नवा होता. पोरांना आफ्रिकेतला सिंह ठाऊक झाला होता, घरामागच्या खडकात कोण राहतं ते नव्हतं. मासा म्हटला की त्यांना ताट दिसायचं. म्हणून अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, उजाडता उजाडता, सर आठवीचा वर्ग खडकांवर न्यायचे. खाकरल्याशिवाय दगड उचलायचा नाही आणि शंख रिकामा दिसला तरी खिशात घालायचा नाही. कुणी घातलाच, तर सर विचारायचे, "तू मुंबैला गेलास नि मी तुझं घर उचलून नेलं तर चालेल काय रे?"

प्रयोगशाळेचं कपाट उघडतानाही ते खाकरायचे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "आत झुरळं आहेत ना. त्यांची पण अब्रू असते."

घोळ झाला तो यातूनच. एका सकाळी अख्खा वर्ग खडकांवर खाकरत असताना एका मुलाची आजी तिथून चालली होती. तिनं ते ऐकलं आणि तडक शाळा गाठली. "पोरांना डांग्या खोकला लागलाय, नि तुम्ही त्यांना वाऱ्यात काय नेताय?" मुख्याध्यापकांनी समुद्राचा वर्ग बंद केला. खरा प्रकार कळल्यावर म्हणाले, "मुकादम, वर्ग न्या, पण ते खाकरणं नको. शाळेचं हसं होतंय."

दुसरा कुणीही हो म्हणाला असता. सर म्हणाले, "मग नाही नेत."

समुद्राचा वर्ग म्हणजे या माणसाचा जीव की प्राण, आणि तो असल्या हट्टापायी घालवायचा? मला रागच आला. संध्याकाळी त्यांची समजूत काढायला मी त्यांच्याबरोबर घरी निघालो. "अहो, कुर्लीला काय कळतंय तुम्ही खाकरलात की नाही ते?" असं वाटभर चाललं होतं माझं.

दाराला कुलूप होतं. सरांची बायको, आमच्या भाभी, वारल्या होत्या, मुलगा कुवेतला. सरांनी कुलूप काढलं, दार लोटलं आणि उंबऱ्याबाहेर थांबून खाकरले. जरा थांबले. मग आत गेले.

आत अर्थातच कोणी नव्हतं.

स्टोव्हला पंप मारता मारता सर म्हणाले, "ती होती तेव्हा आतून 'या' म्हणायची. आता कोण म्हणणार? पण एकदा न खाकरता तसाच शिरलो, तर दिवसभर घर खायला उठलं हो."

चहा पिऊन मी परतलो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभा राहून मी खाकरलो.

"या, या," आतून आवाज आला.

"पोरं तरी दुसरं काय करतात, सर?" मी आत जात म्हटलं.

पेपरवेट फिरवता फिरवता ते हसले. वर्ग पुन्हा सुरू झाला, खाकरण्यासकट.

पुढच्या अमावास्येला मीही गेलो. सरांनी पहिला दगड मला दाखवला. पोरं आमच्याभोवती गोळा झाली. मी खाकरायला गेलो आणि ते कुलूप काढलेलं दार डोळ्यांसमोर आलं. खाकरणं राहिलं, दगडाकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"सावकाश," सर माझ्या शेजारी उकिडवे बसत म्हणाले. "आत माणसं आहेत. थांबतील ती."