सासूबाईंची शेगडी बदलली तेव्हा

दक्षिण चिलीतल्या आमच्या कोयाइकेत जून ते ऑगस्ट हिवाळा; तेव्हा माणसं थंडीला भितात. मी सासूबाईंना भितो. (थंडी निदान सप्टेंबरात तरी जाते.)

यंदा त्या आठवडाभर बहिणीकडे गेल्या आणि माझ्या अंगात धाडस संचारलं. घरातली धूर ओकणारी लाकडाची शेगडी सरकारी योजनेत देऊन टाकली आणि भुशाच्या गोळ्यांवर चालणारी बिनधुराची शेगडी घेतली. माणसं आली, नवी बसवली, जुनी भंगारात घेऊन गेली. मागे भिंतीवर काळा डाग तेवढा राहिला. चाळीस वर्षं ती शेगडी सासूबाईंची होती.

"आता आईला काय सांगणार?" माझी बायको नेलिदा म्हणाली.

"तू सांग ना."

"मी? मला अजून जगायचंय!"

सासूबाई चारच्या बसने परतणार होत्या. चारच्या ठोक्याला मी विचार केला, घर चांगलं उबदार असलं तर निम्मा राग दारातच वितळेल. आमच्याकडे ऊब टिकवायची एकच रीत: धुराड्याची झडप लावून टाकायची. पण नव्या शेगडीला झडपच नाही! मग मी बर्फात जाऊन, भिंतीतून बाहेर आलेल्या शेगडीच्या नळीत लोकरीचा मोजा कोंबला.

पाच मिनिटांत शेगडी किंचाळायला लागली. लाल दिवा, टीं टीं टीं, काचेमागे काळाकुट्ट धूर.

"अहो, ही फुटतेय!"

"पळ!" मी ओरडलो आणि आधी मीच पळालो. थेट दारात उभ्या सासूबाईंवर आदळलो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, बटण दाबून शेगडी बंद केली, बाहेर जाऊन मोजा उपसला आणि माझ्या हातात दिला.

"बहिणीकडे दोन वर्षं हीच आहे," त्या म्हणाल्या.

मी मोजा पाठीमागे लपवला. "आई, तुमची शेगडी... मी..."

"गेली ना? सुटले बाई! धूर खाऊन खाऊन छातीचा भाता झाला होता. मला तर ती कधीचीच काढायची होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार, जावईबापू? या घरात तुम्हाला एकच काम धड जमतं, लाकडं फोडायचं. तेही गेलं तर तुमचं करायचं काय, याचीच मला धास्ती होती."