दुपारी पंखा बंद

सुधन्वाच्या काचेच्या टाकीतलं पोवळं पांढरं पडलंय, हे घरात सगळ्यात आधी हेमलताबाईंच्या लक्षात आलं, आणि त्याचा आनंदही सगळ्यात आधी त्यांनाच झाला. नवरात्रातला चौथा दिवस. यंदा भिंतीला ओल आली म्हणून देवघर बैठकीच्या खोलीत, टाकीच्या अगदी शेजारी आलं होतं. घटावर माळ बांधता बांधता त्यांची नजर काचेकडे गेली.

"देवयानी, इकडे ये! बघ, आपलं पोवळं कसं उजळलंय. देवी घरात बसली की असं होतं."

सून हात पुसत आली आणि काचेशी वाकली. "आई, हे चांगलं नाहीये. कोरल आजारी पडलं की पांढरं पडतं."

"पांढरं म्हणजे आजारी? हेच शिकवता का ग तुम्ही शाळेत?"

हेमलताबाई स्वतः तिसरी पास. त्यापुढचं सगळं लोक हौसेनं शिकतात, असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सुधन्वा ऑफिसातून आला आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता टाकीसमोर खाली बसला. मधल्या दगडावर पोवळ्याची एक जांभळी फांदी होती. विनायकरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ती स्वतःच्या हातानं चिकटवली होती. माणूस वेंगुर्ल्याचा, चौतीस वर्षं दिल्लीत फायली हलवल्या, पण समुद्र काही डोक्यातून गेला नाही. शेवटचं वर्ष ते खुर्ची टाकून या फांदीसमोरच बसून असायचे. तीच आता टोकाकडून पांढरी होत चालली होती.

"यार," सुधन्वा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण अशा आवाजात की हेमलताबाईंचा आनंद जागच्या जागी मावळला.

आता यात एक गोष्ट होती, आणि ती फक्त हेमलताबाईंना ठाऊक होती. टाकीवर तळहाताएवढे तीन पंखे होते, पाणी गार ठेवायला. त्यांचा वारा थेट नंदादीपावर यायचा. नवरात्रात दिवा नऊ दिवस अखंड हवा. आर. के. पुरमच्या क्वार्टरपासून सरोजिनी नगरपर्यंत एकेचाळीस वर्षं त्यांचा दिवा एकदाही विझला नव्हता, आणि हे दिल्लीतल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना माहीत होतं, कारण हेमलताबाईंनीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हा मुलगा साडेआठला बाहेर पडला की त्या पंख्यांचं बटण बंद करत आणि पाचच्या ठोक्याला पुन्हा चालू. पाण्यातल्या जिवांना कसला आलाय उकाडा? समुद्रावर कोणी पंखे टांगलेत?

शुक्रवारपासून उपचार सुरू झाले. सुधन्वानं पाणी तपासायला ते बाटल्यांत घेऊन थेंब टाकले, रंग बघितले. पाणी बदललं. उजेडाचा त्रास होत असेल म्हणून टाकीचा दिवा निम्मा केला आणि खोलीचे पडदे ओढून घेतले. पडद्यांमुळे उरलासुरला वाराही थांबला, खोलीची भट्टी झाली आणि नंदादीपाची ज्योत कशी सरळ उभी राहिली. हेमलताबाईंना वाटलं, मुलाला सुबुद्धी झाली.

शनिवारी फरीदाबादहून धवल आला. हा असल्या टाक्यांचा जाणकार. त्यानं काचेला नाक लावून पाहिलं.

"भैया, ये तो सीधा गर्मी का केस है."

"गर्मी कहाँ से? ये देखो." सुधन्वानं पाण्याच्या तापमानाची वही पुढे केली. रोज सकाळी आठ, रोज रात्री आठ. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे ओळीनं आकडे.

धवलनं डोकं खाजवलं. "फिर कोई स्प्रे-व्रे मारा होगा घर में."

सुधन्वा बायकोकडे वळला. "देवयानी, घट बसायच्या आधी तू झुरळांचा स्प्रे मारलास ना?"

"किचनमध्ये मारला. दार लावून."

"शंभरदा सांगितलं होतं तुला! बाबांची फांदी आहे ती!"

परक्या माणसासमोर. देवयानीचे कान लाल झाले. स्प्रे मारायला हेमलताबाईंनीच सांगितलं होतं. तेही ती बोलली नाही. आणि बोलायची सवय ज्यांना उभ्या जन्माची, त्या हेमलताबाई नेमक्या त्याच घटकेला फुलं निवडत बसल्या.

धवल जाता जाता त्यांनाच समजावू लागला. "माताजी, इसके अंदर बारीक सी काई रहती है. रंग भी वही देती है, खाना भी वही खिलाती है. घर में गर्मी बढ़ी, तो निकल जाती है. अभी मरा नहीं है. भूखा है."

काई म्हणजे शेवाळ, एवढं हेमलताबाईंना कळलं; त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. आत सून मुकाट्यानं त्यांच्या उपासाची भगर ढवळत होती.

शनिवार-रविवार सुधन्वा घरात, म्हणून पंखे चालू. हेमलताबाई पदराचा आडोसा धरून दिव्याशी बसून राहिल्या. नवरा-बायकोत दोन दिवस "मीठ दे" आणि "घ्या" याखेरीज शब्द नव्हता. तो एकेक "घ्या" त्यांना सुईसारखा टोचत होता.

सोमवारी अष्टमी. देवयानीला सुट्टी होती. साडेआठला सुधन्वा गेला. हेमलताबाई सवयीनं बटणापाशी गेल्या, बोट ठेवलं, आणि ते बोट काही खाली दबेना.

"देवयानी," त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "हे पंखे मी बंद करत होते. रोज दुपारी. दिव्यासाठी."



"मी शाळेतून यायचे तेव्हा बंदच दिसायचे," देवयानी हळूच म्हणाली. "मला वाटलं, ह्यांनी टायमर लावलाय."

"माझी एकेचाळीस वर्षं होती ग त्या दिव्यात. विझू कसा देणार?"

"आई, रागावणार नाही ना?"

"आता कोणत्या तोंडानं रागावू?"

"दिवा पहिल्याच दिवशी विझला होता. दुपारी तुम्ही झोपला होतात. मी परत लावला."

हेमलताबाई तिथेच पाटावर बसल्या. "आणि मागच्या वर्षी?"

"तीनदा."

"म्हणजे तू या घरात आल्यापासून, अकरा वर्षं..."

"दोन वर्षं नव्हता विझला," देवयानी घाईघाईनं म्हणाली, धीर द्यावा तशी.

"पण पंखे तर बंद होते! वारा आला कुठून?"

"वाऱ्यानं नाही हो. तुम्ही येता-जाता तेल घालता ना, त्यात वात बुडते."

हेमलताबाईंनी दिव्याकडे बघितलं. तेल काठोकाठ. मग पलीकडे बघितलं. पांढरी फांदी पाण्यात हलतही नव्हती. दोघांचीही काळजी त्यांनी अगदी जिवापाड घेतली होती.

संध्याकाळी सुधन्वानं आकडा लिहायला वही उघडली. गेल्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, पाचही दिवसांच्या ओळींसमोर, पाटीवर गिरवावीत तशी मोठाली अक्षरं होती: दुपारी पंखा बंद. मी.

"आई, हे कोणी लिहिलं?"

"घरात असलं अक्षर दुसऱ्या कोणाचं आहे?"

हेमलताबाई त्याच्या बोलण्याची वाट बघत होत्या. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. आतून बराच वेळ नुसती कुजबुज आली, मग देवयानीचं नाक ओढणं, मग कुकरची शिट्टी. हेमलताबाईंना आत जाऊन चार शब्द बोलायचे होते. पण ते चार शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरले नव्हते. वेळेला सापडले नाहीत.

दसऱ्याला समोरची शालिनी सोनं द्यायला आली. टाकीपाशी थबकली.

"अय्या काकू, किती पांढरंशुभ्र! काय घालता हो यात?"

हेमलताबाईंनी बसल्या बसल्या आपट्याची पानं पुढे केली.

"आणि दिवा? यंदाही अखंड ना?"

हेमलताबाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं, देवाशपथ. पण त्यांच्या आधी स्वयंपाकघरातून सून बोलली, "अखंड म्हणजे काय, बिल्कुल अखंड! आईंचा दिवा आहे तो."

शालिनीनं कौतुकानं मान डोलावली. हेमलताबाई उठल्या, चष्मा लावला, काचेवरचा आकडा बघितला आणि वहीत लिहिलं: दुपार. सव्वीस. पंखा चालू. तेल देवयानीनं घातलं.