साबूदाण्याला हळद

"सर, मांजरांना मुरुमं येतात का?"

जीवशास्त्राच्या तासाला, अख्ख्या वर्गासमोर, उभं राहून, खणखणीत आवाजात मी हे विचारलं. म्हणजे विचारलं हिंदीतच, झाशीतल्या शाळेत सरांशी मराठीत कोण बोलणार! फळ्यावर त्वचेची आकृती होती, त्यातला केस अर्धाच काढून झाला होता, आणि सरांचा खडू हवेत थांबला होता.

पैज मैत्रिणींनी लावली होती. त्यात पुढे प्रिया. तिचे बाबा फौजेत, मूळचे साताऱ्याचे, सध्या इथून जवळच बबीनाच्या छावणीत. तिचं मराठी इतकं ठसकेबाज की त्यापुढे माझं हिंदीत भिजलेलं मराठी म्हणजे चहात पडलेलं बिस्किट! "इंदे, दम असंल तर इचारून दाखव," असं ती म्हणाली आणि मी उठलेच.

गेल्या वर्षीची मी असते तर बाकाखाली लपले असते. पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा मी शेजारणीकडून विचारून घ्यायचे. पण वार्षिक समारंभात निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला, कुणीतरी मला मागून स्टेजवर ढकललं, आणि माइक हातात आल्यावर मला कळलं की मला बोलता येतं! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. बाबा म्हणतात, "आमच्या इंदुमतीचं झाकण उडालंय."

फक्त एक गोष्ट राहिली आहे. हसताना माझा हात आपोआप तोंडावर जातो. माझा एक सुळा बाकीच्या दातांच्या वर, गॅलरीत उभा राहून मिरवणूक बघत असल्यासारखा आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले तार लावा, आई-बाबा म्हणाले तार लाव, मी म्हणाले दहावीनंतर. असो. तो विषय वेगळा.

वर्ग खो-खो हसला. मागून आवाज आला, "बिल्ली को या तुझे?" कारण माझ्या हनुवटीवर त्या दिवशी दोन ठळक मुरुमं होती. पण सर हसले नाहीत. "सच बताऊँ, मुझे नहीं मालूम," ते म्हणाले. "इंदुमती, तुम पता करो. सोमवार को सबको बताना."

मी पैज जिंकले. आता खरं सांगते, पैज नसती तरी मी विचारणारच होते. कारण आमच्या साबूच्या हनुवटीवर काहीतरी उगवलं होतं.

साबू म्हणजे साबूदाणा. पांढरीशुभ्र मांजर. तिच्या हनुवटीखाली काळे ठिपके आले होते, कुणी मिरपूड भुरभुरावी तसे. शिवाय तिनं जांभई दिली की असा वास सुटायचा की बाबा पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जात.

"ही खरूज आहे," आईनं निकाल दिला. "आज हिला, उद्या आपल्याला. शनिवारी तुम्ही कामासाठी मऊरानीपूरला जाताय ना? हिला न्या बरोबर. वामनभाऊजींचं धान्याचं गोदाम आहे, उंदीर धरील, सुखात राहील."

उंदीर! साबू पालीला बघून माझ्या पांघरुणात शिरते! गोदामात उंदरांनीच तिला धरलं असतं.

"आई, मी बरी करते ना तिला!"

"शनिवारपर्यंत कर. नाहीतर मऊरानीपूर."

शुक्रवारची दुपार झाली तरी मला काळजी नव्हती. मुरुमांच्या बाबतीत सगळ्या गल्लीत माझ्याइतका अनुभव कुणाला आहे? दर रविवारी मी तोंडाला लावते तेच साबूला लावायचं ठरवलं. दिवाळीचं उरलेलं उटणं, त्यात हळद, बेसन आणि घट्ट साय. हनुवटीला बोटभर लावायचं, वाळलं की पुसायचं. झालं!

पण उटण्यात साय असते हे साबूलाही समजलं. तिनं हनुवटी चाटली, मग पंजा चाटला, मग त्या पंजानं तोंड पुसलं, कान पुसले, छाती पुसली. मी ओला रुमाल घेऊन धावले. जितकं पुसावं तितकी हळद पसरत गेली! बघता बघता माझी पांढरीशुभ्र साबू पुरणपोळीच्या रंगाची झाली, आणि हातातून सुटून शेजारच्या भिंतीवर चढली.

भिंतीपलीकडे रामकली अम्मा पापड वाळत घालत होत्या.

"काए बिटिया, बिलइया खों हल्दी चढ़ी है का?"

"हाँ अम्मा! पकड़ो उसको!"

"काए के लाने?"

"कल मऊरानीपुर भेज रहे हैं ना, इसीलिए!"

अम्मांच्या हातातला पापड तसाच राहिला. "मऊरानीपुर? कौन के घरै?"

"वामन काका के यहाँ. गल्ले का गोदाम है उनका."

"घर तो अच्छो है," अम्मा विचार करून म्हणाल्या.

"मेरा मन नहीं है भेजने का, अम्मा. पर आई मानती ही नहीं!" माझा आवाज जरा कापलाच.

अम्मांनी साबूला अलगद उचलून माझ्या हातात दिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रोओ नईं. एक दिना सबै जाने परत."

किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. आमच्या बोलण्यात काही गफलत झाली आहे, ही शंकासुद्धा मला आली नाही.

संध्याकाळी दाराशी ढोलक वाजली!

आई कणकेच्या हातांनीच दार उघडायला गेली. बाहेर गल्लीतल्या सात-आठ बायका, ठेवणीतल्या साड्या, कुणाच्या हातात बताशे, कुणाच्या हातात लाल ओढणी. पुढे रामकली अम्मा.

"दुलहन कहाँ है?"

"कौन दुलहन?" आईनं विचारलं.

"तुमाई बिलइया! हमें का पतो कि मराठन में बिलइया को सोई ब्याह होत है! बगल में रहत हो, और बताई लों नईं!"

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. पोळी करपल्यावर ती तव्याकडे जशी बघते, तशी. त्याच क्षणी पलंगाखालून साबू बाहेर आली. पिवळीधमक! बायकांनी एकच गलका केला, ढोलकीवर थाप पडली आणि दुसऱ्या मिनिटाला आमच्या बैठकीत बन्नीची, म्हणजे नवरीची, गाणी सुरू झाली.

तेवढ्यात बाबा आले. हेल्मेट डोक्यावर, चेहरा गोंधळलेला. "अगं, कोपऱ्यावरच्या पानवाल्या भैयांनी मला बधाई दिली. कुणाचं ठरलं?"

"तुमच्या लाडकीचं," आई म्हणाली. "मऊरानीपूरचं स्थळ आहे!"

मी सगळं खरं सांगून टाकलं. अर्धं मराठीत आईला, अर्धं हिंदीत अम्मांना. बायका हसता हसता खाली बसल्या. अम्मा मात्र हसल्या नाहीत. "ब्याह नईं है तो का भओ, जा तो रही," त्या म्हणाल्या. "भूखी नईं जैहै." आणि त्यांनी पदराखालच्या वाटीतून पनीरचा एक तुकडा काढून साबूपुढे धरला.

साबूनं तो हुंगला, तोंडात घेतला. मग मान एका बाजूला वाकडी केली, एका बाजूनं चावला आणि एकदम किंचाळली. तुकडा खाली पडला. ती पंजानं स्वतःचं तोंड ओरबाडत मागे सरकली.

ढोलक थांबली.

आई खाली बसली. कणकेचे हात तिनं साडीलाच पुसले, एरवी ती असं कधी करत नाही. "आठवडाभर ही वाटीपर्यंत जाते आणि परत येते," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं नखरे आहेत." तिनं साबूला अलगद जवळ ओढलं. "इंदू, टॉवेल आण. मोठा."

सदर बाजारात जनावरांचा दवाखाना आहे. ऑटोत आई, मी, टॉवेलात गुंडाळलेली साबू आणि रामकली अम्मा. अम्मांना कुणी बोलावलं नव्हतं, पण "मोड़ी खों अकेली कैसें जान दें", पोरीला एकटी कशी सोडायची, म्हणत त्या चढल्याच. बाबा मागून स्कूटरवर. आमची वरातच निघाली म्हणा ना!

डॉक्टर नीरजनी टॉवेल उघडला, साबूकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ये पीली है, या की गई है?"

"की गई है," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मुँह खोलो बेटा," डॉक्टर साबूला म्हणाले. साबूनं दात घट्ट मिटले. तिला हिंदी येत नाही असं नाही, पण घरात तिच्याशी सगळे मराठीतच बोलतात. मी म्हटलं, "साबू, आ कर, आ." तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग आई पुढे झाली, तिच्या कानामागे खाजवलं आणि लहानपणी मला औषध पाजताना काढायची अगदी तोच आवाज काढला, "आ कर गं माझी बाई."

आणि साबूनं तोंड उघडलं! ज्या आईला मांजर आवडत नाही, तिचं आमच्या पाठीमागे मांजरीशी बरंच बोलणं होत असणार, हे मला तेव्हा कळलं.

हनुवटीचं निदान सोपं निघालं. "ये मुहाँसे ही समझिए," डॉक्टर म्हणाले.

"येतात!" मी ओरडले. "मांजरांना मुरुमं येतात!"

सगळा दवाखाना माझ्याकडे बघू लागला. एका कुत्र्यानं भुंकून दाखवलं.

ती खरूज नव्हती, आणि कुणाला लागणारही नव्हती. मांजरांमध्ये असे काळे ठिपके नेहमी दिसतात, आणि पुष्कळदा कारण असतं प्लास्टिकची वाटी. तिला बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण बसते. स्टीलची वाटी ठेवा, रोज घासा, ठिपके फोडू नका, आणि उटणं-बिटणं तर मुळीच नको. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटते, ते पोटात जातं.

प्लास्टिकची गुलाबी वाटी. तिच्या वाढदिवसाला याच सदर बाजारातून मीच आणली होती. माझ्या आवडीचा रंग म्हणून.

दुखणं होतं ते दातांचं. डॉक्टरांनी साबूचा ओठ वर केला आणि आम्हाला दाखवलं. दातांवर पिवळट थर, आणि हिरडीच्या कडेला कुणी लाल पेनानं आखावी तशी रेघ. आत्ता औषध, सूज उतरली की भूल देऊन दात साफ करायचे, आणि मग रोज ब्रश. तोही मांजरांच्या पेस्टनं, माणसांची पेस्ट त्यांना चालत नाही.

"मग ही इतके दिवस बोलली का नाही?" मी हिंदीत विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तोंडातून निघून गेला.

डॉक्टर हसले नाहीत. "बिल्लियाँ दर्द छुपाती हैं. एक तरफ़ से खाती रहेंगी, और आपको लगेगा सब ठीक है. किसी को मुँह खोलकर देखना पड़ता है."

ऑटोनं आम्ही परत निघालो. साबू आईच्या मांडीवर होती. रामकली अम्मांनी लाल ओढणी तिच्यावर पांघरली होती आणि मऊरानीपूरचं नावही कुणी काढलं नाही. मी विचार करत होते की मी दिवसभर बोलते, आणि ही दिवसभर लोळते, तरी आमच्यात काहीतरी सारखं आहे. काय, ते तेव्हा नीट सापडलं नाही.

शनिवारी बाबा एकटेच मऊरानीपूरला गेले. वामनकाका गोदामाच्या दाराशीच उभे होते. "सूनबाई कुठंय?" त्यांनी विचारलं. अम्मांची एक भाची तिथे राहते!

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. साबूची हनुवटी, माझं उटणं, ढोलक, वरात, सगळं सांगितलं. सर रुमालानं डोळे पुसत होते, मुलं बाकं बडवत होती. हसू मलाही आवरेना. आणि ऐन रंगात मागून प्रियाचा आवाज आला, "अगं इंदे, त्वांडावरचा हात काढ की! काय बी ऐकू येईना!"

मी हात खाली घेतला. नखांत अजून हळद होती. आणि ऑटोत न सापडलेलं मला तिथे, भर वर्गात सापडलं. मला काही दुखत नव्हतं, पण लपवत तर मीही होतेच. एका बाजूनं हसत होते, आणि सगळ्यांना वाटत होतं, इंदुमतीचं आता अगदी छान चाललंय.

संध्याकाळी आई साबूला औषध पाजत होती. "आ कर गं माझी बाई." नव्या स्टीलच्या वाटीत साबूचं अजून पिवळट दिसणारं तोंड चमकत होतं. बाबा पेपर वाचत होते, आणि तेही त्याच खोलीत. मी दोघांसमोर जाऊन उभी राहिले, स्टेजवर राहते तशी.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. दहावीनंतर नाही, याच आठवड्यात मी दातांना तार लावून घेणार!" मग मी आवाज जरा खाली आणला. "फक्त जाताना तो मोठा टॉवेल बरोबर घ्या. गुंडाळायला लागेल मला."