अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटातली बदली

माझा नवरा गेले चौदा महिने एकाच सामन्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटात आहे. धैर्यशील सरनाईक, दगडी चावडी तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर, जर्सी नंबर चार. बचावपटू म्हणून त्याची कारकीर्द नऊ वर्षांची आहे आणि त्यातले हे चौदा महिने शून्य-शून्य आहेत.

झालं ते साधंच होतं. गॅलरीत दोन पेठांची पोरं एकमेकांना भिडली, पंचांनी खेळ थांबवला. वातावरण निवळल्याचं तालमींनी लेखी द्यावं, मग उरलेली बारा मिनिटं खेळवू, असं सामना समितीने जाहीर केलं. वातावरण तासाभरात निवळलं. पण आधी लेखी देईल त्याने भांडण आपलं होतं हे कबूल केलं, असा अर्थ निघतो. आणि आधी मैदान सोडेल तो हरला, हे तर कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे दोन्ही संघ जागच्या जागी उभे आहेत. गवत त्यांच्या भोवतीने कापतात.

सामना थांबला तेव्हा मला सहावा महिना होता. शिवन्या आता अकरा महिन्यांची आहे आणि धैर्यशीलने तिला अजून हातात घेतलेलं नाही. रोज डबा घेऊन आम्ही रेषेशी बसतो. तो बावीस पावलांवर असतो, समोरच्या खालचा कट्टा तालमीच्या फॉरवर्डला, केदारला धरून. गेल्या महिन्यात शिवन्या पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली, कोपऱ्यातल्या झेंड्याला. झेंडा जवळ होता. मी त्या दिवशी ठरवलं की वाढदिवसाच्या आत हिला बापाच्या कडेवर बसवायचं. एरवी मी दुधाचं तापमान तीनदा बघणारी बाई आहे, माझ्या ठरवण्यावर माझाच फार भरवसा नसतो.

समितीचे सचिव चौगुले साहेब म्हणाले, "बाहेरच्या माणसाला मैदानात प्रवेश नाही, वैनी."

"मुलगी आहे ती त्यांची."

"घरात मुलगी. मैदानाला बाहेरचीच."

"मग त्यांना रेषेपर्यंत येऊ द्या."

"येऊ दे की! पण तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली आणि केदार सुटला, तर? पेठेत पाणी तरी विचारील का कोण तुम्हाला?"

धैर्यशीलही तिथून हेच ओरडला. "मृणाल, ह्याला सोडून कसा येऊ?"

"अहो, मी कुठे या म्हणतेय?" मी ओरडले. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, आणि चौदा महिने आम्ही चारचौघांतच आहोत.

मी नियमांचं पुस्तक घरी आणलं आणि बाळाच्या संगोपनाची पुस्तकं वाचते तसं पेन्सिल घेऊन, पानापानावर घाबरत वाचलं. खेळाडूला किमान वय नव्हतं. किमान उंचीही नव्हती. तीन बदल्या मिळतात, आमची एकच झाली होती. बदली खेळ थांबलेला असतानाच होते, आणि खेळ तर थांबलेलाच होता. मी रात्रभर जागून धैर्यशीलच्या जागी शिवन्याचा अर्ज भरला. सकाळी लक्षात आलं की ती आत जाणार आणि तो बाहेर येणार, म्हणजे रेषेवर टाळी देण्यापुरतीच त्यांची गाठ. एम.ए. झालेल्या बाईने असं करावं! अर्ज फाडला आणि दुसऱ्या स्टॉपरला, इम्तियाजला रेषेवरून विचारलं, तुमच्या जागी हिला पाठवू का.

तो म्हणाला, "वैनी, माझं लगीन चौदा म्हयने लांबलंय. सासरा म्हणतोय, आधी नव्वद मिनिटं पुरी करून या. मी एका पायावर तयार हाय. पन केदार हिच्या अंगावरनं जाईल."

"आमच्या घरी ती रांगत असते तिथून मांजर पुढे जात नाही."

संघ निवडणाऱ्या वस्तादांना मात्र नुसत्या शब्दावर भागत नाही. त्यांनी तालमीच्या अंगणात शिवन्याकडे तीन वेळा चेंडू सोडला. तिन्ही वेळा तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि चावायला घेतला.

"हात लावतीया," वस्ताद म्हणाले.

"दात येतायत, वस्ताद."

त्यांनी चेंडू काढून घ्यायला बघितलं. निघाला नाही. "सोडत न्हाई, ह्ये बाकी खरं," ते म्हणाले आणि सही केली.

मंगळवारी सकाळी दहा वाजता चौथ्या पंचांनी फळा वर केला. बाहेर इम्तियाजचा पाच, आत शिवन्याचा सव्वीस. शिवन्याची नखं तपासली. मनगट्या दागिन्यात मोडतात म्हणून उतरवल्या, तीट राहू दिली.

"टोपी?" मी विचारलं.

"टोपी फक्त गोलकीपरला."

इम्तियाजने तिच्या तळहाताला बोट लावलं आणि मागे न बघता लग्नाच्या हॉलकडे पळाला. शिवन्या रांगत निघाली. बावीस पावलं म्हणजे तिला किती, हे मी आधी मोजलं नव्हतं. मध्ये ती बसली आणि गवत खाल्लं. मला रेषा ओलांडता येत नव्हती, धैर्यशीलला केदार सोडता येत नव्हता. चौदा महिन्यांत त्याने पहिल्यांदा केदारवरची नजर काढून दुसरीकडे बघितलं.

"ए पोरी, हिकडं!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. खालच्या कट्ट्याची बाजू होती ती.

ती पुन्हा रांगत थेट केदारकडे गेली. त्याचा मोजा धरून उभी राहिली.

"वैनी, हिला सांगा की! मला हलता येईना!"

"मी बाहेरची आहे," मी म्हणाले.

केदारला कुणीतरी धरलंय, म्हणजे धैर्यशील मोकळा होता. हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तो दोन पावलं आला, गुडघ्यावर बसला, हात जर्सीला पुसले आणि तिला उचललं. सहखेळाडूला उचलू नये असा नियम नाही, मी दोनदा बघितला होता. केदारचा पाय तिच्याबरोबर वर गेला, कारण मोजा तिने सोडला नव्हता. पंचांनी घड्याळ बघून काहीतरी लिहिलं.

"मान धरा तिची!" मी ओरडले.

"तिची ती धरतीया, मृणाल."

चौगुले साहेबांनी विचारलं, ही आता बाहेर कधी येणार. खेळ संपला की, मी म्हणाले.

साडेबारा वाजता मी दोन डबे रेषेच्या आत सरकवले, एकात भाकरी-झुणका, दुसऱ्यात मऊ भात. आमच्या गोलकीपरने रोजच्यासारखे ते तिथवर पोचवले. धैर्यशील तिला भरवायला बसला. मोजा अजून तिच्या मुठीत होता, केदारला जाता येत नव्हतं, म्हणून वाटी त्याने धरली.