पाचशेव्या होमरनचा चेंडू

खरा संग्राहक कधीही चुकत नाही. त्याचे हात थंड असतात, नजर घारीची असते आणि वस्तूला तो उघड्या बोटांनी शिवत नाही. हे तीनही गुण माझ्या अंगी आहेत, असं मी जुलैतल्या त्या मंगळवारी दुपारी सव्वादोनपर्यंत मानत होतो.

माझ्याकडे बेसबॉलपटू रॉय डेलाकोर्टच्या पाचशेव्या होमरनचा, म्हणजे थेट प्रेक्षकांत टोलवलेल्या फटक्याचा, चेंडू होता. एकतीस वर्षांपूर्वी शिकागोच्या उन्हात, मैदानाच्या मागच्या बाकांवर मी तो झेलला होता. आता डेलाकोर्ट होता पाहुण्या संघाचा, आणि आमच्या बाकांचा कायदा कडक! पाहुण्याचा होमरन झेललात तर चेंडू तिथल्या तिथे मैदानात परत फेकायचा. नाही फेकलात तर चार हजार माणसं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून आमच्यातली मुरलेली मंडळी खिशात एक भिकार चेंडू घेऊनच जातात. खरा खिशात घालायचा, भिकार भिरकावायचा. मीही तेच केलं. चार हजार माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी येताच मी उरलेला चेंडू हातमोज्यांनी काचेच्या पेटीत ठेवला, पेटीला लाख लावली आणि त्यानंतर ती कधीही उघडली नाही. बोटांच्या तेलकटपणाने चामडं खराब होतं ना!

आता तो चेंडू बेसबॉलच्या सन्मान-संग्रहालयाला अर्पण करायचा होता. खाली पाटी लागणार: ‘स्टॅन वोयतास यांजकडून’. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. शेजारच्या ऑगीने तर केकवर माझं नाव घालायला दिलं होतं.

शिकागोहून बारा तास गाडी हाकली. पेटी थंड राहावी म्हणून सँडविचच्या बर्फाच्या डब्यात ठेवली होती.

“चेंडूला मोहरीच्या सॉसचा वास येणार बघ,” लॉरेन म्हणाली. लॉरेन म्हणजे आमची बायको.

“इतिहासाला वास असतोच!” मी म्हणालो आणि चुकीच्या रस्त्याला वळलो.

संग्रहालयातल्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवले. मला भरून आलं. त्यांनी लाख फोडली, चेंडू अलगद उचलला, हुंगला आणि उलटा केला.

“वोयतास साहेब, तुम्ही तळाची बाजू पाहिली होती का?”

“हात लावायचा नसतो हो!”

“इथे जांभळा शिक्का आहे. ‘शाळेचा व्यायाम विभाग. घरी नेऊ नये.’”

लॉरेन वाकून बघू लागली. “अगं बाई! हा आपल्या टिमीच्या लहानपणच्या शाळेचा! म्हणजे एकतीस वर्षं मी रोज ह्याच्या पेटीवरची धूळ पुसतेय?”

“अशक्य! खरा डाव्या खिशात होता, भिकार उजव्यात.”

“तुला गडबडीत डावं-उजवं कधी कळलंय, स्टॅन? सकाळपासून तीनदा चुकलास.”

मी खुर्चीत बसलो. बाईंनी पाणी दिलं. त्या अतिशय सभ्य होत्या, त्यामुळे जास्तच लागलं.

“म्हणजे डेलाकोर्टचा पाचशेवा चेंडू…” मी पाण्याचा घोट घेतला, “मी स्वतःच्या हाताने मैदानात फेकला?”

“तसं दिसतंय.”

“पण मग तो कुठेतरी असेलच ना! कोणी तरी उचलला असेल! एखाद्या खेळाडूने, मैदानावरच्या माणसाने… कोणाच्या तरी कपाटात…”

लॉरेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या संसारात असं फार क्वचित होतं. बाई चष्मा पुसत विचारात पडल्या. मला आशा वाटू लागली.

“परत फेकलेले चेंडू मैदानावरचे लोक सरावाच्या बादलीत टाकायचे,” त्या म्हणाल्या. “एका बादलीत साधारण दीडशे मावतात.”