पिंजऱ्यातला रविवार

"शेवटचाच दिवस आहे, आज राहू दे तिला माझ्याजवळ," असं म्हणून प्रबुद्ध रोकडेने बुंदीला स्कूटरवर पायांशी बसवलं आणि पतसंस्थेत ऑडिटचं काम निघालंय असं सांगून तो घराबाहेर पडला. त्याच्या बायकोने, तेजस्विनीने, दारातून नुसतं पाहिलं. संध्याकाळी तिचा भाऊ संघर्ष पिंपरीहून गाडी घेऊन येणार होता आणि बुंदीला कायमची घेऊन जाणार होता. त्यामुळे खोटं बोलताना प्रबुद्धला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. वाईट वाटण्याचा त्याचा सगळा साठा आठवडाभर दुसरीकडेच खर्च झाला होता.

बुंदी ही साधी गावठी कुत्री. पिल्लू असताना जुन्नरच्या भाजीबाजारात कोबीच्या पाल्याखाली सापडलेली. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. प्रबुद्धला माणसांशी फारसं बोलता येत नसे. पतसंस्थेत दिवसभर तो एकच वाक्य बोलायचा, ते म्हणजे तुमची सही जुळत नाही. पण रविवारी बुंदीला घेऊन निघाला की त्याचं तोंड सुटायचं. मानमोडीचा डोंगर, तुळजा लेण्यांची वाट, कुकडीचा काठ, सगळीकडे दोघं भटकून आली होती. लेण्याद्रीला मात्र बुंदी पायऱ्यांच्या खालीच बसून राही, कारण वरच्या माकडांशी तिचं एकदा चांगलंच वाजलं होतं. दमल्यावर कुठेतरी सावली बघून बसायचं, बुंदीने त्याच्या मांडीवर मान टाकायची आणि त्याने तिला आठवडाभराची गाऱ्हाणी सांगायची, असा नेम होता.

या नेमाच्या आड आला तो खिळ्यांचा पट्टा. तालुक्यात बिबट्यांचा सुळसुळाट झालेला. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून घरोघरी कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरच्या बाजूने खिळे काढलेला पट्टा दिसतो. तेजस्विनीने बुंदीसाठी तसा पट्टा आणला होता. पण तो घातल्यावर बुंदीने मांडीवर मान टाकली की खिळे आधी प्रबुद्धच्या पँटमध्ये आणि मग प्रबुद्धमध्ये शिरत. म्हणून गल्लीचं वळण ओलांडलं की तो पट्टा काढून डिकीत टाकायचा. हे पुन्हा पुन्हा पकडलं गेलं, तेव्हा तेजस्विनी भांडलीसुद्धा नाही.

"अहो, एक दिवस तुम्ही नुसती साखळी घेऊन घरी याल," ती म्हणाली. "मला ते बघायचं नाही. ती संघर्षकडे सातव्या मजल्यावर राहील. तिथे बिबट्या लिफ्टने येत नाही."

यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं. प्रबुद्ध तरीही दोन दिवस बोलला, आणि हरला.

शेवटचा फेरा म्हणून त्याने लांबचं ठिकाण निवडलं होतं, आण्याचं पठार. गवत पिवळं पडलेलं, वाऱ्याला अडवायला काही नाही, आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान. एका बाभळीखाली दोघांनी चपाती-भाजी वाटून खाल्ली. बुंदीने मांडीवर मान टाकली. पिंपरीत तिला असं कोण बसू देणार, या विचाराने प्रबुद्धच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून त्याने डोळे पुसले आणि चष्मा परत लावला, तर मांडीवर मान नव्हती.

बुंदी ओढ्याच्या कडेला सापडली. तिथे वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला होता. वरून पालापाचोळा टाकलेला, आत मागच्या कप्प्यात जाळीआड दोन कोंबड्या आणि पुढचं दार सताड उघडं. आतल्या फळीवर बिबट्याचं वजन पडलं की दार खाली येणार, अशी सोय होती. बुंदी त्या फळीवरच बसून जाळीला नाक लावून कोंबड्यांकडे बघत होती, पण तिच्या वजनाने फळीला काही फरक पडत नव्हता. प्रबुद्धने बाहेरून हाका मारल्या, उरलेली चपाती दाखवली, लाडीगोडी लावली, दम दिला. शेवटी तो वाकून आत शिरला. फळीच्या दृष्टीने प्रबुद्ध आणि बिबट्या यांत काहीच फरक नव्हता. त्याच्यामागे दार खाडकन खाली आलं.

दार पडलं की बाहेरून खटक्याचं कुलूप आपोआप बसत होतं आणि ते चावीशिवाय उघडत नव्हतं. मागे कोणीतरी असल्याच एका पिंजऱ्यातल्या कोंबड्या लांबवल्या होत्या, तेव्हापासून वनखात्याने ही काळजी घेतली होती. प्रबुद्धने गज हलवून पाहिले, मग फळीवर बसून घेतलं. बुंदीला मालक आत आल्याचा इतका आनंद झाला की तिने त्याचा चष्मा चाटून काढला.

पिंजऱ्यावरच्या पाटीवर वनरक्षकाचा नंबर होता. गजांतून हात घालून पाटी उलटी करून तो वाचावा लागला, पण फोन लागला. पलीकडे हौशीराम नावाचा वनरक्षक होता. दार पडलंय एवढं ऐकताच तो हरखला.

"घावला का? नर हाय का मादी?"

प्रबुद्धने प्रामाणिकपणे बुंदीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन्ही आहेत."

"जोडी! नर केवढा हाय? वय काय आसंल?"

"सत्तेचाळीस."

मग हौशीरामने विचारलं, "बोलतंय कोण?"

"तोच बोलतोय," प्रबुद्ध म्हणाला.

हौशीराम तिकडे आंबेगाव तालुक्यात अडकला होता. तिथल्या एका गावाने पिंजरा मिळाल्याशिवाय सोडणार नाही म्हणून त्याला पारावर बसवून ठेवलं होतं. चहापाणी व्यवस्थित होतं, पण उठू देत नव्हते. थोडक्यात तोही एका परीने आतच होता. सुटलो की येतो, तोवर हलू नका, पिंजऱ्याइतकी सुरक्षित जागा तालुक्यात दुसरी नाही, असा धीर देऊन त्याने फोन ठेवला.

दार पडल्याचा आवाज शेजारच्या कांद्याच्या वावरात खुरपणाऱ्या लंकाबाईंनी ऐकला होता. "घावला, घावला" असं ओरडत त्या आल्या. साठीच्या, काटक, आणि गळ्यात तसाच खिळ्यांचा पट्टा. वाकून खुरपताना मान उघडी पडते म्हणून इथल्या बायका हल्ली पट्टा घालूनच रानात जातात. पिंजऱ्यात डोकावल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की प्रबुद्धला त्यांचीच कीव आली.

"पावणं, आमी किती अर्ज केलं, किती हेलपाटं घातलं, तवा हा पिंजरा आला," त्या म्हणाल्या. "आन् त्यात घावलं कोण, तर तुमी."

त्या आवाजात राग नव्हता. आता काही खरं नाही, असा तो सूर होता, आणि प्रबुद्धला तो आठवडाभर आपल्याच घशातून ऐकून चांगला ओळखीचा झाला होता. त्याने मनापासून माफी मागितली. पण तोवर आरोळी गावात पोचली होती. मोटारसायकली आल्या, ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड उतरलं. ज्याने त्याने आपापल्या मुलाला खांद्यावर घेतलं. बिबट्या कुठंय, असं एका पोराने विचारलं, तर आज यालाच बघ, असं त्याच्या बापाने सांगितलं. बुंदी चावेल या भीतीने प्रबुद्धला भाकरी काठीच्या टोकाला खोचून देण्यात आली. बुंदीने ती शेपूट हलवत घेतली. तिच्या आयुष्यात इतकी माणसं तिला बघायला पहिल्यांदाच आली होती.

मोबाइल सगळ्यांकडे होते. त्यामुळे थोड्याच वेळात तेजस्विनीचा फोन येणं ओघानेच आलं.

"ऑडिट कसं चाललंय?" तिने विचारलं.

"चाललंय. वेळ लागेल जरा."

नेमकी तेव्हाच मागच्या कप्प्यातली एक कोंबडी ओरडली.

"कोंबड्यांचंही ऑडिट करता का?" तेजस्विनी म्हणाली. ती शिकवते त्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर 'आणे पठारावर जेरबंद' नावाचा व्हिडिओ फिरत होता. त्यातला पाठमोरा शर्ट तिने स्वतः इस्त्री केलेला होता. संघर्ष लवकर आलाय, आम्ही निघालो, तुम्ही हलू नका, असं तिने सांगितलं. हलू नका हे दिवसभरात त्याला सांगणारी ती दुसरी व्यक्ती होती.

ती दोघं पोचली तेव्हा उन्हं कलली होती. "जय भीम, दाजी," संघर्षने गजांमधून हात आत घालून नमस्कार-चमत्कार उरकले. तो मनाने चांगला होता, आणि तेच वाईट होतं. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली होती आणि बुंदीसाठी नवीन लाल साखळी आणली होती. ती साखळी पाहिली आणि प्रबुद्धने बुंदीला आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात हौशीराम मोटारसायकल उडवत आला, गर्दीतून वाट काढत त्याने खिशातून चावी काढली, आणि तेव्हा प्रबुद्धच्या लक्षात आलं की हे दार बंद आहे तोवरच बुंदी आपली आहे.

"उघडू नका," तो म्हणाला.

हौशीरामने चावी तशीच धरून ठेवली. पिंजऱ्यातून बाहेर यायला नकार देणारे बिबटे त्याने पाहिले होते, पण त्यांना भुलीचं इंजेक्शन देता येत असे. माणसाच्या बाबतीत काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रबुद्धने बुंदीची साखळी गजाला गुंडाळून घेतली आणि सांगून टाकलं की दार उघडलं की ही पिंपरीला जाणार, तेव्हा मला बाहेर यायचंच नाही.

"बसा मग," तेजस्विनी म्हणाली आणि स्वतः समोरच्या दगडावर बसली.

सूर्य टेकायला आला. गर्दी आपोआप पांगू लागली, कारण ओढ्यावर बिबट्या यायची वेळ झाली होती. वऱ्हाड निघून गेलं. लंकाबाई मात्र गेल्या नाहीत. त्या तेजस्विनीच्या शेजारी येऊन टेकल्या.

"माझं बी कुत्रं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "पट्टा टोचतोय, नीट झोपत न्हाई, म्हणून एका राती मी काढला. सकाळी दारात नुसता पट्टा ऱ्हायला. तुमचा नवरा येडा हाय, पर मी बी तशीच येडी व्हते. तुमचं तुमी मिटवा, पर पिंजरा मोकळा करा. अंधार पडतोय, आन् माझ्या शेळ्या उघड्यावर हायेत."

तेजस्विनी काही वेळ त्या बाईच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहत राहिली. मग उठून पिंजऱ्याजवळ गेली.

"बुंदी राहील," ती म्हणाली. "पण घराबाहेर उघड्यावर तिच्या गळ्यातला पट्टा क्षणभरही निघणार नाही. आणि तसाच एक तुम्हीही घालायचा. दोघांनी."

"मी कशाला?"

"मला दोघंही परत यायला हवी आहेत म्हणून," ती म्हणाली.

बिबट्या आपल्यालाही नेऊ शकतो, आणि नेलं तर कुणाला तरी त्याचं दुःख होईल, हे दोन्ही विचार प्रबुद्धला अगदी नवे होते. त्याने साखळी सोडली. हौशीरामने कुलूप काढलं. संघर्षने लाल साखळी तशीच दाजींच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी प्रबुद्ध आणि बुंदी पुन्हा आण्याच्या पठारावर होते. दोघांच्याही गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. वावरातून लंकाबाई अधूनमधून मान वर करून बघत होत्या, कारण तेजस्विनीने त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. बाभळीखाली बसल्यावर बुंदीने सवयीने मांडीवर मान टाकली आणि प्रबुद्ध कळवळला. तिला कुरवाळायला तो खाली वाकला, तर त्याच्याच पट्ट्याचा खिळा त्याच्या हनुवटीत घुसला. शेवटी दोघं हातभर अंतर ठेवून बसली. तेवढ्या अंतरावरून त्याने गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली, पण त्यात काही जीव नव्हता. कुत्री मिळाली, रविवारही मिळाला, आणि तरी हातात काहीच आलं नाही, असं त्याला वाटत राहिलं.

जरा वेळाने बुंदी उठली, ओढ्याकडे गेली आणि पिंजऱ्यात शिरून कोंबड्यांसमोर बसली. प्रबुद्ध तिच्यामागे जाऊन दाराशी उभा राहिला. उघड्यावर पट्टा काढायचा नाही, असं तेजस्विनी म्हणाली होती. त्याने आतल्या फळीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हौशीरामला फोन लावला.

"दार पडलं का?" हौशीरामने घाईने विचारलं.

"अजून नाही. तुम्ही आज कोंबड्यांना दाणा टाकायला कधी येताय?"

"येतो की चारपत्तुर. का?"

"काही नाही, चारपर्यंत चालेल," प्रबुद्ध म्हणाला.

मग तो वाकून आत गेला आणि फळीवर बसला. मागे दार पडलं. त्याने आधी बुंदीचा पट्टा काढला, नंतर स्वतःचा, आणि दोन्ही गजांना अडकवून ठेवले. बुंदीने त्याच्या मांडीवर मान टाकली, आणि तो तिला आठवड्याची गाऱ्हाणी सोमवारपासून सांगू लागला.