सोनाक्काची चटणीपट्टी

सोनाक्कानं मला वाचवलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई तिची चेष्टा करतेय. चेष्टा आहेच. पण ती नसती तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला कोल्हापूरच्या स्टँडवर चंदगडच्या एस.टी.त बसवून माहेरी धाडलं असतं. आता मी तिकडून फार लांब, राजकोटला आहे. इथं आमटीत गूळ घालतात. तिला कळलं तर ती गुजरात बंद पाडील.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चटण्या व्हायच्या. चटणी म्हणजे वर्षाची, कांदा-लसणाची, लाल. पत्र्यावर मिरच्या वाळत, बायका देठ खुडत बसत, मसाला भाजला की सगळी गल्ली शिंकायची. डंकावरनं कुटून डबा घरी आला की मागोमाग दारात सोनाक्का. कुणी बोलवायची गरज नसे. जकात नाक्यावरच्या कारकुनासारखी ती उंबऱ्यात उभी राहायची, डब्यात बोट घालायची, चाटायची आणि डोळे मिटायची. घरातली माणसं श्वास धरून उभी. मग निकाल लागायचा.

सुतारांच्या रंगूला एकदा म्हणाली, "लसणीवर एवढा राग का गं? भांडान झालंय व्हय तिच्यासंगं?"

शिंप्यांच्या घरात, "ही चटणी हाय का कुंकू? नुसता रंग! ह्या घरात जिभा हाईत का चपला?"

आणि कुणाचं तोंड पडलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "मी तोंडावर बोलते बाई. पाठीमागं बोलायला मला येळ न्हाय."

एवढं बोलून झालं की पदराखालून रिकामी बाटली काढायची. औषधाची, लोणच्याची, कसलीही. "भर." ज्या चटणीला आत्ताच नावं ठेवली तीच बाटलीभर घेऊन बाई पुढच्या दाराला. गणपतीची पट्टी, म्हणजे वर्गणी, मागायला तालमीची पोरं येतात ना, तसं. म्हणून गल्लीनं त्याला चटणीपट्टी असं नाव ठेवलं होतं. "एकट्या जिवाला एवढी चटणी लागती कशाला? भिताडं सारवती काय?" असं बायका म्हणायच्या. अर्थात पाठीमागं. त्यांना वेळ होता.

ती गिरणीत कामाला होती. नवराही गिरणीतलाच, फार आधी गेलेला. पोरबाळ नाही. यंत्रांच्या धडधडीत बोलून बोलून तिचा गळा असा झालेला, की ती कुजबुजली तरी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला ऐकू जायचं. मी नवी असताना एकदा तिनं मला जवळ ओढून कानात सांगितलं, "तुजा नवरा तालमीत जातो म्हणून सांगतोय, पण जातोय भजी खायला." संध्याकाळी हे भज्यांच्या गाडीवर गेले तर भजीवाल्यानंच विचारलं, "काय पैलवान, आज किती जोर मारणार? दोन प्लेट का तीन?"

मला ती नावानं कधी हाक मारायची नाही. "ए चंदगड!" म्हणायची. मला राग यायचा नाही. त्या गल्लीत माझ्या गावाचं नाव घेणारं दुसरं कोण होतं?

माझी शाळा सातवीला सुटली. लग्न झालं आणि फाउंड्रीत साचे करणाऱ्या नवऱ्याबरोबर मी पत्र्याच्या दोन खोल्यांत आले. सगळ्याची भीती वाटायची. नळावरच्या बायकांची, त्यांच्या बोलण्याची, आपल्याला काही येत नाही हे कुणाला कळेल ह्याची. आमच्या आणि सोनाक्काच्या घरात एकच भिंत, आणि तीही आढ्यापर्यंत पोचलीच नव्हती. वरून फोडणीचा वास जायचा, खोकला जायचा, सगळंच जायचं.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या वेळी पलीकडून आवाज आला. "रंगू, आज बरी लागतीस गं. मुरलीस आता." जरा वेळानं, "शिंपीणबाई, तुमचं मातुर काय खरं न्हाय."

मला वाटलं पाहुणे जेवायला आलेत. पाणी न्यायच्या निमित्तानं डोकावले, तर आत एक ताट, एक तांब्या आणि सोनाक्का. दुसरं माणूस नाही. माझ्या अंगावर काटाच आला. आमच्याकडं असं एकटं बोलणाऱ्या माणसाला लगेच देवऋषाकडं नेतात. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आक्का हाय ती. तू जेव."

खरं तर तिला जेवायला कुणी बोलवतच नसे. बोलवत, पण पंगत उठल्यावर. कारण एका लग्नात तिनं भर पंगतीत आचाऱ्याला हाक मारली होती, "पावणं, ह्यो रस्सा हाय का रंगपंचमी?" नवऱ्या मुलाचा बाप जेवता जेवता उठला म्हणे. तेव्हापासून सगळ्यांनी धसका घेतला. बारसं असो, सत्यनारायण असो, सोनाक्काला निरोप जायचा तो प्रसादाचा.

तर, माझा उन्हाळा आला.

सासूबाई गडमुडशिंगीला थोरल्या दिरांकडं शेतावर असायच्या. त्यांनी आपल्या रानातल्या मिरच्या पोतंभर पाठवल्या आणि वर निरोप, "ह्या साली दोन्ही घरची चटणी धाकटी करंल. बेंदराच्या सणाआधी मी न्यायला येते. जमली तर बरं, न्हाय जमली तर वरीसभर म्हायेरी जाऊन शिकून येऊ दे." त्या चेष्टेत बोलणाऱ्या बाई नव्हत्या. थोरल्या जाऊबाईंना त्यांनी भाकरी फुगत नाही म्हणून एक पावसाळा माहेरी ठेवलं होतं. आणि माझ्या माहेरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या. मी परत गेले असते तर गावात काय बोललं गेलं असतं, ते मला झोपेतही ऐकू यायचं.

मी जीव ओतून चटणी केली. रंगूला विचारून विचारून सगळं घेतलं. फक्त एका ठिकाणी माझं डोकं चाललं. आईनं एस.टी.च्या ड्रायव्हरकडून नारळ पाठवले होते, आमच्या परसातल्या माडाचे. सगळ्या बाया बाजारातल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालतात हे मी बघितलं होतं. पण मला वाटलं, वाळकं खोबरं कशाला? आपल्याकडं ताजे नारळ आहेत, आईचे. चंदगडात ओला नारळ घातला की जेवण श्रीमंत होतं. मी ते फोडले, खवले, लालबुंद भाजले आणि मसाल्यात घातले. डंकावर कुणाला पत्ताही लागला नाही. सोनाक्का त्या दिवशी गिरणीत पाळीला होती, म्हणून तिच्या बोटातूनही सुटले. ती संध्याकाळी आली तेव्हा बरणीचं तोंड बांधून झालं होतं. "बांधल्याली सोडू नगं," म्हणाली, "मागनं बघीन." एवढ्यावर सुटले म्हणून मी देवापुढं साखर ठेवली.

हवा दमट झाली, आणि एका सकाळी सासूबाईंचा निरोप आला की परवा येतेय. मी बरणी उघडली. वरती पांढरी लव. पळीनं खाली उकरलं, तर तिथंही तीच आणि कुजक्या तेलाचा वास. तळापर्यंत.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडले. भिंतीवरून आवाज जातो हे माहीत होतं म्हणून. तरी गेलाच.

सोनाक्का दारात. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग पदर का गिळतीस?"

मी बरणीकडं बोट दाखवलं. ती वाकली, वास घेतला, बोट घालायला गेली आणि थांबली. तिचं बोट थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "चंदगडे," ती म्हणाली, "हिला तर मिशा फुटल्या!"

मग तिनं विचारलं काय घातलं. मी सांगितलं. नारळ, ओले, आईचे. मला वाटलं आता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी येणार. पण तिनं बरणीवर झाकण ठेवलं. "आईनं धाडलं हुतं व्हय," म्हणाली. तिला एवढं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

बरणी आम्ही दोघींनी उचलून उकिरड्यावर पालथी केली. गल्लीतली कुत्री दुपारपर्यंत शिंकत होती. मग ती आपल्या घरात गेली, दार लावून घेतलं, आणि बऱ्याच वेळानं एक पितळी पातेलं छातीशी धरून आली. काठोकाठ चटणी. एका बाजूला गडद, एका बाजूला केशरी, मधे काळपट.

"कुठनं आणली आक्का?"

"इकत. गप हालव."

मी हाताला आग होईस्तोवर हालवत राहिले.

सासूबाई रिकामा डबा घेऊन आल्या. पाणीसुद्धा न पिता चिमूट उचलून जिभेवर ठेवली. सोनाक्का उंबऱ्यात, कमरेवर हात.

"पहिला लसूण येतोय," सासूबाई म्हणाल्या. "मग तीळ. मग कायतरी तिसरंच येतंय. ही कुठली तऱ्हा?"

"चंदगडची," सोनाक्का म्हणाली. "डोंगरातली मानसं. एका घासात चार चवी."

नेमकी तेवढ्यात रंगू चाळण मागायला आली. सासूबाईंनी तिच्यापुढं चिमूट केली. "बघ गं, तू हितलीच हाईस. कशी झालीया?"

रंगूनं चाखली आणि तिचे डोळेच मोठे झाले. "अगं बया! ही तर माज्या..."

"आईवानी!" सोनाक्का गरजली. "आईवानी झालीया म्हणायचंय न्हवं तुला? म्हण की!"

रंगू गिळत म्हणाली, "व्हय... आईवानी."

"तुजी आई कुठली?" सासूबाईंनी विचारलं.

"हातकणंगल्याची."

"मग चंदगडची तऱ्हा कशी?"

रंगूनं सोनाक्काकडं बघितलं. सोनाक्कानं पत्र्याकडं बघितलं. "लुगड्याच्या दुकानात गाठ पडलीती," ती म्हणाली, "हिच्या आईची आन् चंदगडच्या एका बाईची. तवा शिकली."

सासूबाई तिघींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग डबा भरून घेतला, झाकण दाबलं. "ऱ्हाऊ दे हिला हितंच," म्हणाल्या. "म्हायेरी कशाला?" जाताना दारात थांबून सोनाक्काला एवढंच बोलल्या, "तुमाला लई दुकानं म्हाईत हाईत आक्का."

तोंडावर बोलणारी सोनाक्का त्या दिवशी तोंडावर खोटं बोलली, तेही माझ्यासाठी, आणि खोटं बोलायची सवय नसल्यानं किती वाईट बोलली!

सासूबाई गेल्यावर रंगू म्हणाली, "अगं, ती माजीच चटणी. आक्काला पट्टी दिल्याली. आन् शिंपिणीची बी हाय त्यात, तो रंग तिचाच. समद्या गल्लीची हाय बघ."

मी पातेलं परत द्यायला गेले. सोनाक्का जेवायला बसली होती. ताटात भाकरी, मीठ आणि तेल. तिच्या समोरच्या फळीवर धुतलेल्या बाटल्या ओळीनं पालथ्या घातल्या होत्या. एकेकीच्या गळ्याला चिंधी बांधलेली, कुठली कुणाची हे ओळखायला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती रोज एक बाटली उघडून जेवायची. आज रंगूकडं, उद्या शिंपिणीकडं. समोर बसवून नावं ठेवायची, जशी पंगतीत ठेवली असती. तिला कुणी पंगतीला बोलवत नव्हतं, म्हणून तिनं गल्लीच आपल्या घरी जेवायला बोलावली होती. आणि ती सगळी माणसं पातेल्यात ओतून तिनं मला देऊन टाकली.

मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "आक्का, आज कुणाकडं जेवताय?"

"आज पावणं कोण न्हाय," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी तिला आमच्याकडं जेवायला बोलावलं. हात धरून बोलावलं. ती हात सोडवून घेत म्हणाली, "नगं. मी नावं ठेवणार. मग तू रडणार. त्यापरीस हितं बरी हाय मी."

त्यानंतर पलीकडून जेवणाच्या वेळी नुसता तांब्याचा आवाज यायचा. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट उचललं, भिंतीला टेकून बसले आणि आढ्याकडं तोंड करून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "आक्का, आज आमटीत मीठ जास्त झालंय!"

पलीकडं तांब्या दाणकन खाली आदळला. मग आवाज आला, थेट पानपट्टीपर्यंत जाणारा. "मला वासावरनंच कळलंय! आन् फोडणी करपलीया ती कोण सांगणार? तुजा बा?"

पुढचे आठ-नऊ महिने आम्ही दोघी अशाच जेवलो. हे मधे बसून हसायचे, कारण दोन्हीकडचं त्यांनाच ऐकावं लागायचं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशीच ह्यांना राजकोटच्या फाउंड्रीत बोलावणं आलं आणि आम्ही निघालो. ट्रंक टांग्यात चढवताना ती आली नाही. गिरणीत पाळी आहे म्हणून सांगितलं. रंगू म्हणाली, पाळी नव्हती.

इथं गच्चीवर मी दर उन्हाळ्यात चटणी करते. शेजारणी दारं लावून घेतात. चटणी चांगली होते असं हे म्हणतात, पण ह्यांचं काय, हे भज्यांवर वाढलेले. आक्का अजून त्याच घरात आहे, रंगूच्या भावाकडून कळतं. गिरणीतून आता घरी बसलीय आणि आवाज तेवढाच आहे म्हणतात.

मी एकदा जाणार आहे. तिला पाटावर बसवीन, समोर बसून माझ्या हातानं वाढीन आणि भर पंगतीत तिला काय बोलायचं ते बोलू देईन. ती नावं ठेवील. एकेका घासाला ठेवील. आक्का, मी रडणार नाही.